तिसरं पिल्लू ठेवायचं का? बेसाच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरजवळच्या बेसाला रो-हाउस. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, घरी सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. राणी पाच वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री, नसबंदीचं ऑपरेशन न झालेली, वजन ३६ किलो. शेरा तीन वर्षांचा गावठी, नसबंदी झालेला, १८ किलो. नऊ दिवसांपूर्वी भर पावसात सिमेंटच्या पाइपात दोनेक महिन्यांचं मादी पिल्लू सापडलं, ते तुम्ही घरी आणलं. तेव्हापासून राणी आणि शेराची दोनदा जुंपली आणि दुसऱ्या वेळी शेराच्या गालाला दात लागले. दोघांवर महिन्याला नऊ हजार जातात. तिघं परवडतील का, तिघांना एकदम शिकवता येईल का, आणि पिल्लू ठेवावं की कुणाला द्यावं, हे तुमचे प्रश्न.

मी चोवीस वर्षं नागपुरात कुत्र्यांना शिकवतो. घरी आज चार आहेत, एके काळी सहा होते. सगळ्यात आधी एक हिशेब सांगतो, तो पैशांचा नाही. घरात दोन कुत्रे असले की जोडी एकच. तीन झाले की जोड्या तीन होतात: राणी-शेरा, राणी-पिल्लू, शेरा-पिल्लू. चार झाले की सहा, पाच झाले की दहा. घर किती मोठं आहे, पगार किती आहे याचा विचार सगळेच करतात. पण या प्रत्येक जोडीवर कुणाची तरी नजर लागते, आणि गरज पडली तर त्या दोघांना वेगळं ठेवायला एक दार लागतं. तिसरा कुत्रा परवडतो का, याचं माझं उत्तर त्या नजरेवर आणि त्या दारावर ठरतं. पैशांचं मी पुढे सांगतोच.

पण सगळ्यात निकडीचं आधी. पिल्लू मुलाच्या बोटाला चावलं, थोडं रक्त आलं, हळद लावली, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. ताई, उद्या सकाळीच मुलाला मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यात न्या. पिल्लू रस्त्यावरचं आहे, त्याची आई कोण हे कुणालाच माहीत नाही. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते. रक्त आलेलं असल्यामुळे लशीसोबत जखमेत द्यायचं आणखी एक इंजेक्शन लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. पिल्लू खेळतंय, खातंय, म्हणून वाट बघत बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि यापुढे घरातल्या कुणालाही दात लागले, अगदी लस दिलेल्या राणीचे लागले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

पिल्लाला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायला हवं होतं. ते आता होऊन गेलं, पण अजूनही ठेवा. पार्वो आणि डिस्टेंपर हे दोन रोग बाहेरच्या पिल्लासोबत घरात येतात. पार्वो बहुतेक आठवड्याभरात दिसतो, पण कधी दोन आठवडेही घेतो, आणि डिस्टेंपर तर आणखी उशिरा डोकं वर काढतो. राणी-शेराची वार्षिक लस राहिली असेल तर याच आठवड्यात द्या. पिल्लाला पहिला डोस आता, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीज. जंताचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, वजन करूनच. त्या खोलीची फरशी फिनाईलने पुसून भागत नाही, पार्वोचा विषाणू फिनाईलला दाद देत नाही आणि महिनोन्महिने तग धरतो. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं, मग धुवायचं. पिल्लाला मात्र फरशी वाळल्यावरच आत सोडा.

आता भांडणाकडे येतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी सहा-सात वेळा पाहिला. परात मधोमध ठेवलेली आहे, दूध-पोळी कालवलेली. राणी एका बाजूने खातेय, शेरा दुसऱ्या बाजूने. अकराव्या सेकंदाला राणीचं तोंड थांबतं. ती खात नाही, पण मान परातीवरून वर उचलत नाही. शेपूट हलायची थांबते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं. शेराला ते कळतं. तो ओठांवरून जीभ फिरवतो, तोंड वळवतो, एक पाऊल मागे घेतो. तो अगदी शहाण्यासारखा वागतोय. नेमका त्याच क्षणी सासूबाईंचा हात येतो आणि पोळीचा एक तुकडा दोघांच्या मधे पडतो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला वाटलं की अचानक झालं. पण त्याआधी चार सेकंद राणी ओरडून ओरडून सांगत होती, फक्त आवाज न करता.

सासूबाई म्हणतात, "एकाच परातीत खाल्लं का जीव लागते एकमेकाले." माझी आजीही हेच म्हणायची आणि भावंडांच्या बाबतीत ते खरंही होतं. कुत्र्यांत मात्र जेवण शेजारी आलं की एकमेकांवरचा संशय वाढतो. आणि आता घरात तिसरं तोंड आलंय, त्याच्या तोंडाला दुधाचा वास आहे, राणीला वाटतंय की आपल्या वाट्यातलं जातंय. म्हणून परात आजपासून बंद. राणीचं जेवण मागच्या न्हाणीजवळ, शेराचं पुढच्या छपरीत, पिल्लाचं खोलीत. मधली दारं लावलेली. पंधरा मिनिटांनी वाट्या उचलायच्या, रिकाम्या असल्या तरी उचलायच्या, खाली सांडलेलं पुसायचं, आणि मगच दारं उघडायची. पाण्याची भांडी मात्र दिवसभर तीन ठिकाणी. हाडं, चघळायच्या काड्या, चेंडू हे सगळे एकत्र असताना जमिनीवर नकोतच. इतकं केलंत तर माझ्या अनुभवात निम्मी भांडणं त्याच आठवड्यात थांबतात.

गुरगुरण्याबद्दल एक कळकळीची विनंती. पिल्लू अंगावर चढलं की राणी गुरगुरते आणि तुमचे मिस्टर तिला रागावतात, असं तुम्ही लिहिलंय. नका रागावू. गुरगुरणं म्हणजे "लांब हो" एवढंच. ते बंद केलंत तर लांब व्हायची सूचना निघून जाईल आणि थेट दात येतील. राणी गुरगुरली की पिल्लाला उचलून बाजूला न्यायचं, राणीला काहीही बोलायचं नाही. पिल्लाला कुणी तरी सांगायलाच हवं की झोपलेल्याच्या अंगावर चढू नये, आणि ते काम राणी माझ्यापेक्षा चांगलं करेल.

मी हे एवढ्या ठामपणे का सांगतो, तर २०११ साली पोळ्याच्या दिवशी माझ्या घरी जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा माझ्याकडे काळी आणि जमुना अशा दोन माद्या होत्या. तीन वर्षं एका गोधडीवर झोपायच्या. पुरणपोळ्या चालल्या होत्या, पाहुणे होते, दार उघडं, आणि कुणाच्या तरी हातून अर्धी पोळी खाली पडली. दोघी एकदम धावल्या. मी घाबरून काळीचा पट्टा धरला, तिने मागे वळून माझ्या मनगटाचा चावा घेतला, आणि तेवढ्यात जमुनाने तिचा कान फाडला. नऊ टाके पडले काळीला, मला चार. त्यानंतर त्या दोघी पुन्हा कधीच एका खोलीत राहिल्या नाहीत. आठ वर्षं आम्ही पाळी लावली: एक बाहेर तर दुसरी आत, दाराला कडी, आणि कडीवर घरातल्या प्रत्येकाचं लक्ष. कडी उघडी राहिली का, हे बघायला मी रात्री दोनदा उठायचो. दोन माद्यांचं एकदा बिनसलं की ते जुळवणं फार कठीण असतं. नर-मादीची जोडी त्या मानाने सोपी जाते. म्हणून तुमच्या तीन जोड्यांपैकी मला काळजी राणी-शेराची कमी आहे, राणी आणि या पिल्लाची जास्त. आज ते पिल्लू आहे, राणी सोसून घेईल. दीड-दोन वर्षांची मादी झाली की काय होईल, ते आजच्या तयारीवर आहे.

त्या तयारीतलं पहिलं पाऊल म्हणजे राणीचं ऑपरेशन. माजावर येण्याच्या दिवसांत माद्यांची चिडचिड वाढते. शिवाय पाच वर्षांच्या, पिल्लं न झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका दर वर्षी वाढत जातो. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती पाणी जास्त प्यायला लागली, जेवण सोडलं, खालून घाण वास आला, तर तो तासांचा खेळ असतो, आणि तेव्हाचं ऑपरेशन आत्ताच्या कितीतरी पट महाग आणि जोखमीचं. पिल्लाचंही वेळेवर करून घ्या, डॉक्टर वजन बघून महिना सांगतील.

शेजारच्या काकांनी सांगितलं की राणीला "बॉस" करा, तिला आधी जेवू घाला, शेराला उलटं पाडून दाबा म्हणजे टोळीत शिस्त येईल. हे सल्ले पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांकडे बघून निघाले होते. डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकन संशोधकाने रानातल्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं, तिथे बॉस होण्यासाठी कुणी लढत नाही. ज्यांच्यामुळे "अल्फा", म्हणजे टोळीचा बॉस, हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, त्यांत ते स्वतः होते, म्हणून त्यांचं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं. शेराला उलटं पाडून दाबलंत तर तो तुमच्या हाताला घाबरायला शिकेल, दुसरं काही नाही.

आणि तरीही कधी जुंपलीच, तर हात मधे घालू नका, पट्टा धरू नका, किंचाळू नका. पाण्याची बादली दोघांच्या तोंडावर ओता. जाड चादर टाका. प्लायवूडचा तुकडा किंवा प्लास्टिकची खुर्ची मधे सरकवा. घरात दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय मांडीपाशी धरून, हातगाडी ओढावी तसं मागे मागे ओढत न्यायचं आणि मधलं दार लावायचं. मुलाला आणि सासूबाईंना एकच सूचना: आपण खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. सुटल्यावर केसांच्या आत बोटं घालून जखमा बघा. कुत्र्याच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल असते, शेराच्या गालावरची तशीच आहे. डॉक्टरांना अजून दाखवली नसेल तर दाखवा.

आता शिकवण्याकडे. तिघांना एकदम शिकवता येत नाही. एकेकट्याला शिकवायचं, मग दोघांना, मग तिघांना. रोज प्रत्येकाला पाच मिनिटं सकाळी आणि पाच संध्याकाळी, म्हणजे तिघांचा अर्धा तास. एक शिकत असताना बाकीचे दाराआड. वेळ नाही असं तुम्ही म्हणाल, पण हा अर्धा तास नसेल तर तिसरा कुत्रा नको, इतकं सरळ आहे.

प्रत्येकाला एकेक जुनं पोतं द्या आणि त्याची जागा ठरवा: राणीचं फ्रिजजवळ, शेराचं जिन्याखाली, पिल्लाचं सासूबाईंच्या खुर्चीपाशी. पोत्यावर पाय पडला की लगेच "हां!" म्हणायचं आणि चिमूटभर उकडलेलं चिकन. चार दिवसांत ते आपणहून पोत्याकडे धावायला लागतात. मग पोत्यावर बसायचं, मग थांबायचं, आधी दोन सेकंद, मग दहा, मग तुम्ही दारापर्यंत जाऊन परत येईपर्यंत. सुटका एकाच शब्दाने करायची, मी "चल" म्हणतो. हे तिघांना वेगवेगळं पक्कं झालं की राणी-शेराला एकत्र घ्यायचं, पोती सहा फूट लांब. नाव घेऊन "राणी, चल" म्हणायचं. राणी उठेल, तिला चिकन. आणि शेरा उठला नाही, म्हणून शेराला दोन तुकडे. दुसऱ्याचं नाव घेतलं की आपण बसून राहायचं, त्यातच आपला फायदा आहे, हे ज्या दिवशी शेराच्या लक्षात येईल त्या दिवशी तुमचं घर शांत होईल. मी माझ्या चौघांकडून हे फाटकापाशी, गाडीपाशी, जेवणाच्या आधी, सगळीकडे करून घेतो.

सासूबाईंचा हात कुत्र्यांना खाऊ घातल्याशिवाय राहणार नाही, आणि राहूही नये. हे नावाचं काम त्यांच्याकडेच द्या. दुपारी खुर्चीवर बसून एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याचं नाव त्याच्याच तोंडात तुकडा, जमिनीवर कधीच नाही. अशा घरांमध्ये आजीच सगळ्यात पटाईत होतात, कारण त्यांना घाई नसते.

फिरायलाही सुरुवातीला एकेकट्याला न्या. राणी ओढते आणि शेरा रस्त्यावरच्या कुत्र्यांवर भुंकतो, असं तुम्ही लिहिलंय. दोघांना एकत्र नेलंत तर दोघंही दोन्ही शिकतील. आणि तुमच्या जाळीच्या फाटकाला आतून हिरवी नेट किंवा पत्रा लावा. सकाळी दूधवाला आला की दोघं फाटकावर उसळतात, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तो राग शेजारच्या तोंडावर निघतो. माझ्याकडे येणाऱ्या भांडणांपैकी कितीतरी फाटकावरच सुरू झालेली असतात.

आता पैसे. तुम्ही पाठवलेला हिशेब पाहिला. डॉग फूड, त्यावर रोज पोळ्या, दोघांना पार्लरमध्ये आंघोळ, रंगीत बिस्किटं, कॅल्शियमचं टॉनिक, मल्टिव्हिटॅमिनचं टॉनिक. यात गोचिडाचं औषध कुठेच नाही, आणि शेराची लस मागच्या वर्षी "राहून गेली". पैसे जातायत, पण जिथे जायला हवेत तिथे जात नाहीत.

राणीपासून सुरू करू. तिचा बांधा बघता ती तीस किलोच्या आत असायला हवी. ३० किलोचं वजन धरून तिला वजन उतरवायला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात. शेरा १८ किलोचा, नसबंदी झालेला, पण दिवसभर पळणारा, त्याला साडेनऊशे ते हजार. म्हणजे दुप्पट वजनाच्या राणीची वाटी शेराच्या वाटीपेक्षा लहान हवी! डॉग फूडच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं, बहुतेक साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे राणीला दिवसाला २५० ग्रॅम पुरतं. तुम्ही तिला ४५० देताय, वर पोळ्या वेगळ्या. डॉक्टरांना एकदा दाखवून, थायरॉइड तपासून, महिनाभरात हळूहळू खाली या. रोजचे २०० ग्रॅम वाचले तर महिन्याला सहा किलो. तुम्ही आणता ते ३०० रुपये किलोचं आहे, म्हणजे १,८०० रुपये. पिल्लाच्या खाण्याचा खर्च राणीच्या वाटीतूनच निघतो. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा.

पार्लर बंद करा. लॅब्रॅडॉर आणि गावठी, दोघांचेही केस आखूड. महिन्यातून एकदा गच्चीवर कुत्र्यांच्या शाम्पूने आंघोळ आणि आठवड्यातून दोनदा ब्रश पुरतो. तयार डॉग फूड चांगलं असेल तर कॅल्शियमचं टॉनिक वर नको. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना तर जास्तीच्या कॅल्शियमने हाडांचा त्रास होतो. रंगीत बिस्किटांऐवजी गाजराचे तुकडे द्या.

घरचं शिजवून स्वस्त पडतं का, असं तुम्ही विचारलंय. पडतं. माझ्याकडे मोठ्या गंजात (पातेल्यात) कनकी म्हणजे तांदळाची कणी, चिकन, लाल कोहळं आणि थोडी हळद एवढंच शिजतं, वरून अंडं. पण फक्त भात आणि मांस दिलं तर कॅल्शियम जवळजवळ मिळतच नाही, आणि वाढत्या पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकतात. अशी पिल्लं मी डोळ्यांनी बघितली आहेत, चांगल्या घरातली, रोज चिकन खाणारी. म्हणून पिल्लाला वर्षभर पिल्लांचंच तयार फूड द्या. मोठ्यांना निम्मं-निम्मं चालेल, घरच्या भागात कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांना विचारून. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कधीच नाही. सावजीचा उरलेला रस्सा तर नकोच, त्यात कांदा-लसूण दोन्ही असतं. शिजलेली हाडंही नाहीत, ती चिरफळतात आणि आतड्यात रुततात. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी देऊ नका, त्याने कुत्रे दगावतात.

जिथे काटकसर चालणार नाही ते तीन खर्च: लस, गोचिडाचं औषध, ऑपरेशन. पावसाळ्यात आपल्याकडे गोचिडाने कहर होतो. एक मादी गोचीड भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते, म्हणून एकालाच औषध देऊन काही होत नाही, तिघांना एकाच दिवशी, ज्याच्या त्याच्या वजनाचं. एका मोठ्या गोळीचे तुकडे करून वाटू नका. गोचिडाचा ताप आला की हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, आणि मग जो खर्च होतो त्यात वर्षभराचं औषध आलं असतं.

स्वस्तात चांगले उपचार हवे असतील तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. सकाळी लवकर गेलात तर बरं, गर्दी असते, पण शिकवणारे डॉक्टर तिथे स्वतः बघतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास ठिकठिकाणी मोफत लसीकरण होतं, लक्ष ठेवा. लशीचं कार्ड जपा आणि तुमच्या भागातल्या स्थानिक प्रशासनाकडे तिघांची नोंद करून घ्या. आणि पार्लरचे वाचलेले पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, कितीही गरज पडली तरी घरखर्चाला काढायचे नाहीत. रात्री अकराला एखाद्याचं पोट फुगलं तर त्या वेळी पैशांचा विचार डोक्यात येऊ नये, एवढ्यासाठी.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण मे महिन्यात सांगून उपयोग नसतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री दहानंतर. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतात. जाड राणीला सगळ्यात आधी उन्हाचा झटका बसेल. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, चालताना तोल गेला तर आधी साधं पाणी ओतत पंख्यासमोर आणि लगेच दवाखाना. आणि कूलर! लोखंडी कूलरची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खालच्या टाकीतलं थंड पाणी चाटायला कुत्रे हमखास जातात, चार पाय ओल्या फरशीवर असतात, आणि बॉडीत करंट उतरला असेल तर सुटका नाही. नागपुरात कूलरच्या शॉकने माणसं जातात, तसे कुत्रेही जातात. टाकीला जाळी लावा.

पिल्लू ठेवायचं की नाही? मी तुमच्या जागी असतो तर एक महिन्याची मुदत घेतली असती. या महिन्यात परात बंद करून तीन वाट्या तीन ठिकाणी गेल्या, राणीच्या ऑपरेशनची तारीख ठरली, रोजचा अर्धा तास खरोखर निघाला, आणि एकही भांडण झालं नाही, तर ठेवा. पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत माणसं, आवाज, गाड्या, छत्री, मुलं सगळं कडेवर घेऊन दाखवा, ते वय पुन्हा येत नाही. यातलं काही जमलं नाही तर महिना संपताच चांगलं घर शोधा, लस आणि जंताचं औषध देऊन, कार्डासकट द्या. तीन-साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला घर मिळतं, दोन वर्षांच्या भांडखोर मादीला मिळत नाही. त्यात तुमचा काही पराभव नाही, ते पाइपातून वाचलं ते तुमच्यामुळेच.

आणि ठेवलंत तर मुलाने सुचवलेलं "शेरी" हे नाव मात्र नको. शेरा आणि शेरी कुत्र्याच्या कानाला एकच वाटतं, एकाला हाक मारली की दोघं येतील, आणि नावावर उभं केलेलं सगळं शिकवणं ढासळेल. मुलाला म्हणावं, राणी आणि शेरा या दोन्हींपासून अगदी वेगळं ऐकू येणारं, दोन अक्षरी नाव शोध. गंगू, ठुमी, पिंगी, काहीही.